मोठ्या नळीची रायफल : कारखान्यातून शिकाऱ्याच्या खांद्यापर्यंत

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काहीतरी लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला तेव्हा मी विषय सुचवला तो ऐकून चिटणीसांच्या कपाळावर आठ्या पडल्या. गणेशोत्सव, नाट्यस्पर्धा आणि वाचनालय यांच्या इतिहासात रायफलीचे काय काम, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. परंतु ज्यांच्या अंगणात या मंडळाच्या पहिल्या बैठका झाल्या, ते आमचे काका (सगळे त्यांना काकाच म्हणत) वनखात्यातून निवृत्त झालेले होते. त्यांच्या बैठकीच्या खोलीतील .४०४ बोअरची रायफल जुन्या सभासदांपैकी पुष्कळांनी पाहिलेली आहे. मी बदलीवर या गावी आलो तेव्हा पंचविशीचा होतो. त्या रायफलीमुळेच या विषयाचा नाद मला लागला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या नादाचे फलित समजावे.

मोठ्या नळीच्या रायफलींचा आधुनिक इतिहास १८९८ साली सुरू होतो. त्या वर्षी लंडनच्या जॉन रिग्बी यांच्या पेढीने .४५० नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस बाजारात आणले. त्यापूर्वी हत्ती, गवा यांसारख्या जनावरांसाठी चार किंवा आठ बोअरच्या काळ्या दारूच्या अवजड बंदुका लागत. बार उडाला की धुराच्या ढगात जनावर दिसेनासे होई. कॉर्डाइट या धूरहीन दारूने ते युग संपवले. ४८० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला सुमारे २,१५० फूट वेगाने जाऊ लागली आणि दहा-अकरा पौंडांची दुनळी रायफल घेऊन माणूस हत्तीसमोर उभा राहू शकला.

यानंतरची घटना मला सरकारी नोकर म्हणून विशेष मनोरंजक वाटते. सरहद्दीवरील टोळ्यांच्या आणि असंतुष्टांच्या हाती जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली पुष्कळ होत्या आणि त्यांचा बोअर .४५० च होता. शिकारीच्या नावाखाली आलेली काडतुसे वा गोळ्या त्या रायफलींसाठी वापरल्या जातील, या भयाने १९०७ साली हिंदुस्थानात व सुदानात .४५० बोअरच्या आयातीवर बंदी आली. बाघांच्या आणि गव्यांच्या या देशात इंग्रज बंदूककारांचे मोठे गिऱ्हाईक होते. त्यांनी काय करावे? बोअर किंचित वाढवला! .४६५, .४७०, .४७५ क्रमांक दोन, .४७६ अशी काडतुसांची रांगच लागली. त्यांतील .४७० तर पुढे आफ्रिकेत दुनळी रायफलींचे प्रमाणभूत काडतूस होऊन बसले. सचिवालयातील एका आदेशाने तंत्राचा इतिहास कसा वळतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही. आजही आमच्या कचेऱ्यांतून निघणाऱ्या परिपत्रकांचे परिणाम असेच कोठे कोठे उमटत असतील. परंतु तो विषय वेगळा.

दुनळी रायफल ही मात्र राजेमहाराजांच्या ऐपतीची वस्तू. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच ठिकाणी लागाव्यात म्हणून कारागीर नळ्या पुन्हा पुन्हा तापवून, सरकवून, झाळून बसवत आणि त्याची किंमत गिऱ्हाइकाला मोजावी लागे. सामान्य अधिकाऱ्याला, मळेवाल्याला, वनाधिकाऱ्याला हवी होती ती एकनळी, मॅगझिनची, स्वस्त रायफल. ती जर्मनीतून आली. ओबर्नडॉर्फच्या मौझर कारखान्याने १८९८ साली जर्मन सैन्यासाठी जी रायफल बनवली तिची बोल्टची रचना इतकी निर्दोष होती की आज सव्वाशे वर्षांनंतरही मोठ्या नळीच्या रायफली बहुतांशी त्याच तत्त्वावर बनतात. मौझरच्या बोल्टला एक लांब, रुंद, पोलादी नखी असते. काडतूस मॅगझिनमधून वर येताक्षणी ही नखी त्याची कड पकडते आणि चेंबरमध्ये जाईपर्यंत सोडत नाही. रायफल आडवी असो, उलटी असो, धरणाऱ्याचा हात कापत असो, काडतूस हातातून निसटत नाही. रिकामे टरफलही तीच नखी ओढून बाहेर फेकते.

सैनिकी मौझरची लांबी मात्र लहान काडतुसाच्या मापाची होती. रिग्बी हे इंग्लंडमध्ये मौझरचे प्रतिनिधी झाले. त्यांच्या मागणीवरून मौझरने अधिक लांबीचा, 'मॅग्नम' म्हणून पुढे प्रसिद्ध झालेला साचा बनवला. १९११ साली त्यावर .४१६ रिग्बी आली. तिची ४१० ग्रेनची गोळी सुमारे २,३७० फूट वेगाने जाई. तिचे काडतूस आकाराने अवाढव्य दिसते याचे कारण उष्ण हवामानात आहे. कॉर्डाइट तापली की दाब वाढतो आणि टरफल चेंबरला चिकटून बसते. मध्य प्रांताच्या मे महिन्यात हे परवडणारे नव्हते. मोठ्या टरफलात दाब मुळातच कमी राहतो, म्हणून ते मोठे. पुढच्याच वर्षी हॉलंड अँड हॉलंडची .३७५ मॅग्नम आली.

आता मुख्य मुद्दा. कारखान्यातून आलेला पोलादी साचा म्हणजे रायफल नव्हे. लंडनच्या वा बर्मिंगहॅमच्या दुकानात तिच्यावर जे काम होई, त्यात तिचा खरा जन्म होता. ते काम बाहेरून दिसत नाही. मॅगझिनच्या वरच्या दोन्ही पोलादी कडा कानशीने अशा घासाव्या लागतात की काडतूस ना अडावे, ना उसळून बाहेर पडावे. केसभर जास्त घासले तर साचा फुकट गेला. काडतुसाच्या नाकाला वर चढवणारा उतार गुळगुळीत करावा लागतो. मग लाकूड. अक्रोडाचा दस्ता उभ्या रेषांचा, मनगटाजवळ रेषा सरळ जाणारा हवा, कारण सगळा धक्का तेथेच येतो. साच्याच्या तळाशी धक्का झेलणारा जो पोलादी खांदा असतो, तो लाकडाला सर्वत्र समान टेकला पाहिजे. तो जर एकाच बाजूने टेकला, तर पन्नास-शंभर बारांत दस्ता उभा चिरतो. म्हणून लाकडातून आडवे पोलादी खिळे घालीत आणि जड बोअरला नळीखालीही दुसरा खांदा बसवीत. दृष्टीसाठी मागे रुंद, उथळ इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची खाच, तिच्यात मधोमध पांढरी रेघ आणि पुढे हस्तिदंताची किंवा सोन्याची माशी. अंधुक झाडीत अंगावर येणाऱ्या जनावरावर नेम धरायला बारीक खाच उपयोगाची नाही. दस्त्याची लांबी-उतार गिऱ्हाइकाच्या अंगाचे माप घेऊन ठरवीत, शिंपी कोटाचे घेतो तसे.

या कामात कसूर राहिली तर काय होते, हे काकांनी मला सांगितले होते. त्यांची .४०४ सेकंडहँड घेतलेली. साध्या लांबीच्या मौझरवर कोणीतरी बांधलेली. कोणी, ते काकांनी कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात मंडला जिल्ह्यात एका पाहुण्या शिकाऱ्याने वाघ जखमी करून सोडला. तो माग काढून संपवणे वनाधिकाऱ्याचे कर्तव्य. घाणेरीच्या झुडपांत वीस पावलांवर वाघ उठला. काकांची पहिली गोळी लागली. दुसऱ्या काडतुसासाठी त्यांनी बोल्ट मागेपुढे केला आणि काडतुसाचे नाक उताराला अडकून बोल्ट अर्ध्यावर थांबला. वाघ त्यांच्या उजव्या हाताने निघून गेला आणि पुढे नाल्यात मेलेला सापडला. "पहिली गोळी बसली होती म्हणून मी तुला चहा पाजतोय," एवढेच काका म्हणत. दस्त्यालाही मनगटामागे बारीक चीर गेली होती, तीही त्यांना त्याच दिवशी दिसली.

सुदैवाने गावात एक वृद्ध मिस्त्री होते. त्यांनी तीन आठवडे रायफल ठेवून घेतली. रिकाम्या, निकामी काडतुसांनी बोल्ट हजारदा चालवून, काजळी लावून कोठे घासते ते पाहून, मग कानस लावली. पुष्कळ दिवस तर त्यांनी नुसती काजळीच लावली, असे काका म्हणत. चिरेत सरस भरून दोन आडवे खिळे घातले. काकांनी ती रायफल पुढे सहा वर्षे वापरली आणि ती पुन्हा अडली नाही.

नादुरुस्त हत्याराचे याहून प्रसिद्ध उदाहरण म्हणजे चंपावतची वाघीण. ४३६ माणसे मारल्याचे जिच्या नावावर नोंदले गेले, तिला १९०७ साली जिम कॉर्बेट यांनी गाठले तेव्हा त्यांच्या रायफलीतील तीनच काडतुसे संपली. मग त्यांनी धावत जाऊन तहसीलदारांची बंदूक मागून घेतली. तिच्या नळ्या आणि मागचा ठोकळा यांमध्ये चांगली बोटभर फट होती. बार मागे फुटून डोळे जाण्याची शक्यता होती. तशाही बंदुकीने शेवट झाला. या पराक्रमाबद्दल कॉर्बेटना .२७५ बोअरची, मौझर बोल्टची रिग्बी रायफल भेट मिळाली, आणि १९४४ साली मुंबईहून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या पुस्तकामुळे ती जगभर माहीत झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर जुने बंदूककार मंदावले आणि अमेरिकन कारखाने पुढे आले. १९५६ साली विंचेस्टरने .४५८ मॅग्नम काढली. गोळीचा व्यास तोच, ज्यावर १९०७ साली बंदी आली होती! रायफल स्वस्त, काडतूस आखूड. सर्व आफ्रिकेत ती पसरली. पण आखूड टरफलात ५०० ग्रेनच्या गोळीमागे दारू दाबून भरावी लागे. जाहीर केलेला २,१३० फुटांचा वेग प्रत्यक्षात पुष्कळदा मिळत नसे. जुन्या काडतुसांत दारू ढेकळासारखी घट्ट होऊन बार नीट पेटत नसे. १९५९ साली मोझांबिकमध्ये जॅक लॉट या अमेरिकन शिकाऱ्याला रेड्याने जबर जखमी केले. बरे झाल्यावर त्याने हा प्रश्न मनावर घेतला आणि १९७१ साली उत्तर काढले. अडीच इंचांऐवजी २.८ इंचांचे टरफल, गोळी तीच, वेग सुमारे २,३००. त्यातील खुबी अशी की विंचेस्टरची नवी रायफल घेण्याची गरज नव्हती. चेंबर थोडे खोल कोरायचे, मॅगझिन लांब करायचे, कडा घासायच्या. आणि गरज पडली तर जुने आखूड काडतूसही त्याच चेंबरमधून उडे. तीस वर्षे हे काम केवळ खासगी बंदूककारांच्या कानशीवर चालले. २००२ साली हॉर्नडी कंपनीने हे काडतूस कारखान्यात बनवायला घेतले, तेव्हा कोठे मिस्त्रींचे काम कारखानदारांनी मान्य केले म्हणायचे.

विंचेस्टरने १९६४ साली खर्च वाचवण्यासाठी आपल्या रायफलीतून मौझर पद्धतीची नखी काढून टाकली, हेही येथे सांगितले पाहिजे. शिकाऱ्यांनी ते कधी माफ केले नाही. 'चौसष्टच्या आधीची' अशी वेगळी किंमत त्या जुन्या रायफलींना येऊ लागली आणि १९९० नंतर कंपनीला ती नखी परत आणावी लागली. मधल्या काळात चेकोस्लोव्हाकियाच्या ब्र्नो कारखान्याने ६०२ हा लांब, मौझर धर्तीचा साचा स्वस्तात दिला. तो घ्यावा, दस्ता बदलावा, घोड्याचा ओढा सुधारावा, एपॉक्सी राळेत साचा बसवावा, असा परिपाठच जगभरच्या शिकाऱ्यांत पडला. कारखान्याचा ओबडधोबडपणा हा जणू गृहीतच धरला जाई.

आपल्याकडे हे सगळे थांबले. १९७० साली वाघाची शिकार बंद झाली, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. काका या कायद्याच्या बाजूचे होते, हे मला स्वतःच्या कानांनी ऐकलेले आठवते. वाघ संपत आले आहेत हे त्यांनी खात्याच्या नोंदींत सर्वांआधी पाहिले होते. पण रायफलीला मात्र ते दर महिन्याला तेल लावीत. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय नळी आखूड करणेही गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस दोनच शस्त्रे ठेवता येतात. मिस्त्रींच्या मुलाने दुकान बंद करून सायकलींचा धंदा सुरू केला.

काका गेल्यावर त्यांच्या मुलांना परवाना घ्यायचा नव्हता. रायफल रीतसर जमा करायला मीच थोरल्याबरोबर गेलो. पंचनामा करणाऱ्या हवालदाराने तपशील लिहिताना दस्त्यातील दोन पोलादी खिळ्यांवर बोट ठेवून विचारले, "हे काय, मोडकी आहे का?" थोरल्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "नाही, दुरुस्त केलेली आहे." त्याने तसेच लिहिले.