गाथा, इंद्रायणी आणि आरएफसी

गेल्या आठवड्यात ऑफिसात चहाच्या वेळी वाद झाला. एखादा प्रोटोकॉल विकेंद्रित आहे, कुणीही आपला सर्व्हर टाकू शकतो; मग त्याचं स्पेसिफिकेशन एकाच ठिकाणी कशाला ठेवायचं? मी तावातावाने म्हणालो, "अजिबात गरज नाही!" शनिवारी लोणावळ्याहून परतताना कामशेतला इंद्रायणी दिसली आणि माझं मत डळमळलं.

ही नदी लोणावळ्याजवळ उगम पावून मावळातून देहूला जाते. तिच्यात तुकोबांची गाथा बुडवली आणि तेरा दिवसांनी ती तरली, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलीय. तिचा एक अर्थ असाही सांगतात की वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या तोंडी होते. आमच्या भाषेत, बॅकअप हजार ठिकाणी होता. फड वेगळे, दिंड्या वेगळ्या, अभंग गायला कुणाची परवानगी नको. याहून विकेंद्रित काय असणार?

पण घोळ पुढेच आहे. हजार बॅकअप एकसारखे असतात का? गाता गाता शब्द बदलतो, चरण गळतो, भलत्याचाच अभंग 'तुका म्हणे' लावून फिरतो. दोन दिंड्यांत दोन पाठ निघाले तर खरा कोणता?

हा प्रश्न मुंबई सरकारच्या शिक्षणखात्यापुढे आला. त्याचे प्रमुख अलेक्झांडर ग्रँट यांच्या काळात २४,००० रुपये मंजूर झाले. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहिले. १८६९ आणि १८७३ मध्ये दोन खंड निघाले. १९५० साली सरकारने ती गाथा पुन्हा छापली.

योगायोग बघा, बरोबर शंभर वर्षांनी, एप्रिल १९६९ मध्ये, पहिला आरएफसी निघाला. जॉन पोस्टेल यांनी १९९८ मध्ये जाईपर्यंत ते दप्तर सांभाळलं. एकदा नंबर पडला की मजकूर बदलायचा नाही. दुरुस्ती हवी तर नवा नंबर. आरएफसी पाळला नाही म्हणून कुणी पोलीस पाठवत नाही. पण दोन मशिन्सचं जमेना, की चूक कुणाची हे तिथे बघतात.

सरकारी गाथेनेही कुणाचं गाणं थांबवलं नाही. तुकोबांचे अभंग मावळातल्या सुदुंबऱ्याच्या संताजी जगनाड्यांनी लिहून ठेवले, अशी परंपरा आहे. त्यांच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी १९१९-२० मध्ये 'अस्सल गाथा' छापली. तिच्यात अभंग कितीतरी कमी! विष्णुबुवा जोगांची गाथा आणखी वेगळी. वाद चालू राहिला, पण आता तो मांडायला समोर छापील पान होतं.

म्हणजे गायला केंद्र लागत नाही, पण पाठावरून भांडण झालं की लागतं. आणि ते केंद्र उभं राहतं विखुरलेल्या प्रतींवरच. 'छापील येणारच आहे' म्हणून तळेगावकरांनी आपली पोथी आधीच रद्दीत टाकली असती, तर पंडितांनी ताडून काय पाहिलं असतं?

तेव्हा दप्तर एका जागी हवं, आणि त्याची प्रत प्रत्येकाच्या घरीही हवी.

असो. सोमवारी ऑफिसात हार मान्य करायची आहे. चहा माझ्याकडून!