इराण्याचं हॉटेल : ब्रून-मस्का, चहा आणि निवांत बसायची जागा

दवाखाना, कोर्टाची तारीख, पोरांचं अ‍ॅडमिशन... काही ना काही कामाने पुण्या-मुंबईला जाणं होतंच. कामातून तासभर मोकळा मिळाला, तर एकदा इराण्याच्या हॉटेलात जाऊन या. कधीकाळी मुंबईत नाक्यानाक्यावर दिसणारी ही हॉटेलं आता मोजकीच उरली आहेत.

हे इराणी कोण?
एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणच्या यझ्द, केरमान भागातून छळ आणि दुष्काळाला कंटाळून झरथुष्ट्री धर्माचे लोक मुंबईला आले. पारशी याच धर्माचे, पण ते कित्येक शतकं आधी आलेले. नव्याने आलेल्यांनी चहाची दुकानं टाकली. कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानायचे, म्हणून ती इराण्यांना मिळाली, असं सांगतात. दोन्ही रस्त्यांचं गिऱ्हाईक मिळाल्याने धंदा जोरात चालला.

वेगळेपण काय?
संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर आरसे आणि गल्ल्यावर मालक. पण खरी गोष्ट दुसरीच. ज्या काळात जात विचारून पाणी दिलं जायचं, त्या काळात इथे गिरणी कामगार, वकील, विद्यार्थी सगळे एकाच टेबलावर चहा प्यायचे. गावाकडून नवीन आलेल्या माणसाला थोड्या पैशात पोटभर आणि मानाने बसता यायचं.

काय मागवाल?
- ब्रून-मस्का : कडक सालीचा पाव आणि भरपूर लोणी. चहात बुडवूनच खायचा. दात नाजूक असतील तर मऊ बन-मस्का मागवा.
- इराणी चहा : दाट आणि गोड. अजून कडक हवा असेल तर 'पानी कम' सांगा.
- सोबत मावा केक, खारी, ऑम्लेट-पाव. मांसाहारी असाल तर खिमा-पाव.

कुठे जाल?
मुंबईत धोबी तलावला, मेट्रो सिनेमासमोर कयानी आहे, १९०४ पासूनचं. मरीन लाइन्स स्टेशनवरून चालत जाता येतं. पुण्यात डेक्कनला फर्ग्युसन रस्त्याच्या तोंडाशी गुडलक, १९३५ पासूनचं. त्याच्यावरूनच तिथल्या चौकाला गुडलक चौक म्हणतात.

कमी का झाली?
मोक्याच्या जागांचे भाव आभाळाला भिडले, पुढची पिढी दुसऱ्या कामधंद्यात गेली आणि स्वस्त चहावर हॉटेल चालवणं परवडेना. कयानीच्या जवळचंच जुनं बस्तानीही बंद झालं.

जाल तेव्हा शक्यतो सकाळी जा, बेकरीचा माल ताजा मिळतो. गर्दी असली तर अनोळखी माणसासमोरची खुर्ची रिकामी दिसेल. विचारा आणि खुशाल बसा, इथली रीतच तशी आहे.