कीव्हचा सामना : कथा आणि सत्य

९ ऑगस्ट हा दिवस आपल्या शाळांतील प्रत्येक मुलास तोंडपाठ असतो. १९४२ सालीं त्या दिवशीं पहाटे मुंबईंत काँग्रेसचे पुढारी पकडले गेले, आणि पंडित नेहरू, मौलाना आझाद प्रभृति मंडळींस अहमदनगरच्या किल्ल्यांत नेऊन ठेवण्यांत आलें. नेमक्या त्याच दिवशीं, जर्मन सैन्यानें जिंकलेल्या कीव्ह शहरांत, फुटबॉलचा एक सामना झाला.

एका बाजूस 'स्टार्ट' हा संघ. त्यांतील बहुतेक खेळाडू पूर्वीच्या डायनॅमो संघाचे. आतां पाव भाजण्याच्या कारखान्यांत राबणारे. दुसऱ्या बाजूस जर्मनांचा 'फ्लाकेल्फ' संघ. तीनच दिवसांपूर्वीं स्टार्टनें त्यांस ५-१ असें हरविलें होतें. या वेळीं पुन्हां ५-३ असें हरविलें.

याच प्रसंगाच्या छायेवर पुढें चित्रपट निघाले. १९८१ सालीं जॉन ह्यूस्टन यांनीं 'एस्केप टू व्हिक्टरी' या चित्रपटांत प्रत्यक्ष पेले यांस युद्धकैदी करून पॅरिसमध्यें जर्मनांविरुद्ध खेळविलें.

नवीन जालन्यांत शिक्षक असतांना मी ही गोष्ट दरवर्षीं क्रांतिदिनीं सांगत असें. "जिंकाल तर मराल, अशी ताकीद होती, सामना संपतांच साऱ्यांस खेळाच्या पोषाखांतच गोळ्या घातल्या," असा माझा शेवट असे. वर्ग स्तब्ध होई, आणि मला धन्यता वाटे.

पुढें अधिक वाचल्यावर कळलें कीं, हा शेवट युद्धानंतर रचलेला आहे. खेळाडूंस अटक झाली ती कांहीं दिवसांनीं. कोरोत्किख कोठडींतील छळानें मेला. गोलरक्षक त्रुसेविच, क्लिमेंको व कुझ्मेंको यांस फेब्रुवारी १९४३ मध्यें सिरेत्स येथील छावणींत ठार करण्यांत आलें. इतर कित्येक जण युद्धांतून वांचले. विजयाचा सूड म्हणूनच हे बळी घेतले, असें सिद्ध झालेलें नाहीं.

दुसऱ्या वर्षीं मीं हें सांगितलें, तेव्हां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, मग ते शूर नव्हते का?"

मीं म्हटलें, "बाळ, जेत्यांच्या हातीं शहर, जेत्यांच्या हातीं अन्न, उद्यां काय होईल हें ठाऊक नाहीं. तरीही ते मुद्दाम हरले नाहींत. याहून अधिक शौर्य आपण त्यांच्या पदरीं कशाला बांधावें?"

ज्यांस मीं जुना शेवट शिकविला, ते विद्यार्थी आज गांवोगांव पांगले आहेत. त्यांपैकीं कोणी ऐकत असल्यास, आजचें हें भाषण त्यांच्यासाठीं आहे.