वजनाची निर्मिती : फिरत्या अंतराळवसाहतीची कल्पना आणि नाशिकमधील दोन संदर्भ

मराठी समीक्षेला 'गुरुत्व' हा शब्द पदार्थविज्ञानाने दिलेला नाही. छंदःशास्त्रातले अक्षर गुरू असते वा लघू. विचाराला वजन असते, शैलीला भारदस्तपणा. या वापरांत वजन हा वस्तूचा अंगभूत गुण मानला जातो. (छंदात तसे पूर्णपणे नाही : जोडाक्षरापूर्वीचे लघू अक्षर शेजाऱ्यामुळे गुरू होते. परंतु हा नियम समीक्षेच्या परिभाषेत उतरला नाही.) फिरत्या अंतराळवसाहतीच्या कल्पनेला जो थोडाबहुत वाङ्मयीन अर्थ आहे, तो या समजुतीच्या संदर्भातच तपासला पाहिजे. कारण अशा वसाहतीत वजन मिळत नाही. ते घडवावे लागते.

या कल्पनेचा इतिहास अभियांत्रिकीचा आहे तितकाच लेखनाचाही. रशियाच्या त्सिओल्कोव्स्की यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी परिभ्रमणातून वजन निर्माण करण्याचा विचार मांडला. १९२८च्या अखेरीस हेर्मान पोटोच्निक यांनी 'नोर्दुंग' या टोपणनावाने लिहिलेल्या पुस्तकात त्या विचाराला चाकाचा आकार आला. त्यांनी योजलेल्या जर्मन शब्दाला 'निवासचक्र' हा मराठी पर्याय चपखल बसतो. वेर्नर फॉन ब्राउन यांनी १९५२मध्ये तेच चाक अमेरिकन साप्ताहिकाच्या वाचकांपर्यंत नेले. १९७४मध्ये जेरार्ड ओ'नील यांनी अंतराळातील वस्तीचा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञांपुढे ठेवला आणि पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड येथील अभ्यासगटाने दहा हजार माणसांसाठी सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, मिनिटाला एक फेरी घेणारे कंकण आखले.

या परंपरेचे ध्येय पृथ्वीइतके किंवा त्याहून कमी वजन हे होते. पृथ्वीहून अधिक वजनात दीर्घकाळ राहण्याचा प्रश्न तिच्या कडेलाच राहिला. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे फिरत्या यंत्रात कोंबड्या वाढवून त्यांच्या शरीरातील बदल नोंदले गेले. माणसांवरील प्रयोग मात्र तासांत मोजावे लागतात. हॅल क्लेमेंट यांच्या 'मिशन ऑफ ग्रॅव्हिटी' या १९५३मधील कादंबरीत अतिगुरुत्वाचे जग सविस्तर येते, पण तेथे मूळचे रहिवासी माणसे नाहीत, ही बाब बोलकी आहे.

अधिक वजनाची वसाहत आखताना अडचण कोठे येते हे आकड्यांत पाहिलेले बरे. फार वेगाने फिरणाऱ्या खोलीत मान वळवली तरी भोवळ येते. पेन्साकोला येथील फिरत्या खोलीतील प्रयोगांपासून असे दिसते की, मिनिटाला एक-दोन फेऱ्या बहुतेकांना सोसतात, दहा फेऱ्या क्वचितच. दोन फेऱ्यांच्या मर्यादेत पृथ्वीइतके वजन हवे तर त्रिज्या सुमारे २२४ मीटर लागते. दीडपट वजनासाठी ३३६. मात्र त्याच वेगाने फिरणाऱ्या मोठ्या कड्यावर त्याच्या स्वतःच्या वस्तुमानाचा ताण दीडपट न होता सव्वादोन पट होतो. लहान कड्यात रहिवासी फिरण्याच्या विरुद्ध दिशेने सेकंदाला पाच मीटर वेगाने धावला तर त्याचे वजन सुमारे पाचव्या हिश्श्याने घटते. परतताना तितकेच वाढते. ज्या घरात धावण्याच्या दिशेवर वजन ठरते, तेथे 'भारदस्त चाल' या शब्दप्रयोगाचे काय होईल, हा प्रश्न केवळ विनोदाचा नव्हे.

मराठी कल्पनेने वर्तुळगती आणि गुरुत्व यांचा मेळ कसा घातला हे पाहण्यासाठी नाशिककडे वळावे लागते. १९४२मध्ये नाशिकला आचार्य अत्रे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि त्याच वर्षी नाशिककर कुसुमाग्रजांचा 'विशाखा' वि. स. खांडेकरांनी प्रकाशित केला. त्यातील 'पृथ्वीचे प्रेमगीत' या कवितेत पृथ्वी सूर्याभोवती फिरते, इतर ग्रहगोलांची आर्जवे नाकारते आणि अखेरीस जवळिकीपेक्षा अंतर पत्करते. या वर्तुळाला केंद्र आहे, त्या केंद्रात तेज आहे, आणि ओढ हा संबंध आहे. निवासचक्राच्या आसावर असे काहीच नसते. तेथे वजन शून्य असते आणि रहिवाशाची 'खाली' ही दिशा केंद्रापासून दूर जाते. एकाच आकाराच्या दोन प्रतिमा, पण अर्थाची दिशा नेमकी उलटी. केवळ विज्ञानातील शब्द कवितेत आले म्हणून दोहोंना 'वैज्ञानिक जाणीव' असे एकच लेबल लावणे म्हणूनच आळशीपणाचे ठरते.

दुसरा संदर्भही नाशिकचाच. डिसेंबर २०२१मध्ये कुसुमाग्रजांचे नाव दिलेल्या नगरीत ९४वे संमेलन भरले. अध्यक्ष जयंत नारळीकर प्रकृतीच्या कारणाने उपस्थित राहू शकले नाहीत. संमेलनाच्या निमित्ताने त्यांच्या विज्ञानकथेची चर्चा झाली, ती योग्यच. परंतु फिरणाऱ्या वस्तूतील वजन कोठून येते, या प्रश्नाशी त्यांच्या संशोधनाचे थेट नाते होते. न्यूटनच्या मते फिरत्या बादलीतील पाणी कडेला चढते ते निरपेक्ष अवकाशामुळे. एर्न्स्ट माख यांनी १८८३मध्ये हे नाकारले : फिरणे म्हणजे दूरच्या ताऱ्यांच्या सापेक्ष फिरणे. १९६४मध्ये फ्रेड हॉईल आणि नारळीकर यांनी या विचाराला गुरुत्वाच्या सिद्धांताचे गणिती रूप दिले. कणाचे जडत्व हे विश्वातील इतर सर्व द्रव्यामुळे असते, अशी त्याची धारणा. सामान्य सापेक्षतेची जागा या सिद्धांताने घेतली नाही. तरीही या दृष्टीने वाचले तर निवासचक्रातील माणसाचे वजन यंत्राने घडवलेले असूनही केवळ यंत्राचे राहत नाही. त्याचे मूळ असंख्य दूरस्थांत असते. जोडाक्षरामुळे गुरू होणाऱ्या अक्षराची जात हीच.

विशेष हे की नारळीकरांच्या कथासाहित्याने ही वाट धरली नाही. 'प्रेषित'मध्ये परग्रहावरचे मूल पृथ्वीवर येते. 'वामन परत न आला'मध्ये लुप्त संस्कृतीचे ज्ञान भूमीच्या पोटात सापडते. संशोधक दूरच्या ताऱ्यांना वजनाचे कारण मानतो, कथाकार मात्र त्या ताऱ्यांकडून येणाऱ्याला पृथ्वीच्या अंगणातच भेटतो. कुसुमाग्रजांच्या पृथ्वीकडेही सारे बाहेरून येतात.