कितवा नंबर आला, बाबा?

मनगटावरचं जीपीएसचं घड्याळ काढून ठेवा. फोनमधलं धावण्याचं ॲपही इथेच राहू द्या. आपण निघालोय तिथे ते जवळजवळ कुणाकडे नाही. साल २००४, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, मुंबई. तुमची चाळिशी जवळ आली आहे. माहीमला दोन खोल्यांचं घर, बँकेत नोकरी. बायको शाळेत शिकवते, मुलगी दुसरीत आहे आणि मुलगा दहावीला.

यात 'दहावीला' हे सगळ्यांत महत्त्वाचं. दिवाळीनंतर घरातली केबल काढून टाकलीय. पाहुणे येईनासे झालेत, लग्नकार्याला घरातलं एकच माणूस जातं. जानेवारीत सचिनने सिडनीला नाबाद २४१ केल्या, त्या पोराने शेजारच्या टीव्हीच्या आवाजावर मोजल्या. भिंतीवर वेळापत्रक, टेबलावर अपेक्षित प्रश्नसंचांची चळत. प्रिलिमला गणितात कमी पडले, त्यावरून बरंच बोलून झालंय. हा काळ गुणवत्ता यादीचा आहे, हे लक्षात असू द्या. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात बोर्डात आलेल्या मुलांचे फोटो छापून येतात, तोंडात पेढा भरवणाऱ्या आईवडिलांसकट. पहिला, दुसरा, तिसरा. मागासवर्गीयांत पहिला, मुलींत पहिली. घराघरांत ते पान जपून ठेवलं जातं आणि पुढच्या वर्षी दहावीला बसणाऱ्या पोरासमोर उलगडलं जातं.

आणि अशा घरात तुम्ही जाहीर केलंय की १५ तारखेच्या रविवारी मॅरेथॉन धावणार. बेचाळीस किलोमीटर.

"मुलाची दहावी तोंडावर आणि जावईबापूंना पळायचं सुचतंय?" सासूबाई तुमच्या बायकोला फोनवर विचारतात, पण आवाज तुमच्यापर्यंत पोचेल एवढा मोठा. शेजारचे काका जास्त सरळ आहेत. "बक्षीस काय?" आपल्याला काही नाही. "नंबर यायची शक्यता?" नाही. "मग कशासाठी?" तुम्ही हसता आणि जिना उतरता, कारण ह्या प्रश्नाला देण्याजोगं उत्तर तुमच्यापाशी नाही. शिवाजी पार्कच्या कठड्याबाहेरून पहाटे फेऱ्या मारायला लागलात तेव्हा नुसतं वजन उतरवायचं होतं. मग एका थंड सकाळी दम लागायचा थांबला, आणि त्या दिवसापासून पायांनी तुमचं ऐकणं सोडलं.

शनिवारी रात्री बायको छातीवर लावायचा नंबर टी-शर्टाला पिना मारून बसवते. तिरका झाला म्हणून काढून पुन्हा लावते. चिप बुटाच्या नाडीत ओवायची, मांड्यांना आणि काखेत खोबरेल तेल चोळायचं, नखं कापायची. हे सगळं तुम्ही कुठेतरी वाचलंय. ती मात्र एका वाक्यात विचारते, "झोप लागेल का तुम्हाला?" इथे जरा थांबून तिच्याकडे बघा. गेल्या पावसाळ्यापासून तुम्ही रविवारी चारला उठून वरळीपर्यंत, मग हाजीअलीपर्यंत, मग आणखी पुढे जात राहिलात. परत येऊन दुपारभर आडवे. त्या रविवारचं दूध, भाजी, मुलीच्या केसांना तेल, मुलाला वेळेवर उठवणं आणि त्याच्या कुरकुरीला तोंड देणं कुणी केलं? हौशी धावपटूंच्या गप्पांत किलोमीटर असतात, बूट असतात, गुडघे असतात. हे तास कुणाच्या खात्यातून काढले, याची नोंद क्वचितच असते. मला ती सगळ्यांत आधी हवी असते.

पहाटे हार्बरच्या लोकलमध्ये तुमच्यासारखे आणखी काही जण दिसतात. हाफपँट घालून, अंगावर शाल घेऊन, केळं खात बसलेले. सीएसटीला उतरल्यावर तर रस्ता भरून माणसं. ह्या शर्यतीचं हे पहिलंच वर्ष, त्यामुळे कुठे उभं राहायचं हे कुणालाच धड ठाऊक नाही. गलका होतो, पुढचे हलतात आणि तुम्हीही. मरीन ड्राइव्हला वारा आहे. पेडर रोडचा चढ जाताना जाणवतही नाही. हाजीअली, वरळी, सिद्धिविनायकाला चालता चालता हात जोडले जावेत तसे पळता पळता जोडले जातात. वरळी-वांद्रे सागरी सेतू अजून समुद्रात उभा राहतोय, त्यावरून गाड्या धावायला २००९ उजाडेल. म्हणून आजचा रस्ता तुमच्याच वस्तीतून, माहीममधून आहे.

तिथे थांबू या, कारण बघण्यासारखं तिथे आहे.

पदपथावर बायको उभी आहे, हातात स्टीलचा तांब्या. मीठ-साखर-लिंबाचं पाणी. "घोट घोट प्या, गटागटा नको." मुलगी टाळ्या वाजवतेय, पण तुमच्यासाठीच असं नाही, जो जाईल त्याच्यासाठी. आजूबाजूला चाळीतल्या बायका संत्र्याच्या फोडी आणि ग्लुकोजची बिस्किटं ताटात घेऊन उभ्या आहेत. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. शर्यत जिंकणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या हेंड्रिक रामालाला सगळ्या बेचाळीस किलोमीटरना सव्वादोन तासांहून किंचित जास्त वेळ लागतो. साधारण तेवढ्याच वेळात तुम्ही अर्ध्यावर आलात.

आणि मुलगा. तो येणार नव्हता. अभ्यास होता. तरी आलाय, पायात स्लिपर, हातात भूमितीचं पुस्तक, पानात बोट अडकवलेलं. तुम्ही तांब्या परत देता आणि निघता, तसा तो पदपथावरून तुमच्या बरोबरीने पळू लागतो. स्लिपर फटफट वाजताहेत.

"बाबा, दुखतंय?"

"हो."

"मग थांबा ना."

"अर्धं राहिलंय अजून."

तो काही बोलत नाही. सिग्नलपर्यंत बरोबर येतो. तुमच्या चेहऱ्याकडे बघतो, तुम्हाला ओलांडून जाणाऱ्या एका पांढऱ्या केसांच्या आजोबांकडे बघतो, पुन्हा तुमच्याकडे बघतो. पंधरा वर्षांत त्याने तुम्हाला बँकेचे हिशेब करताना पाहिलंय, त्याच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना पाहिलंय, चुका काढताना तर रोजच. एखादी गोष्ट तुम्हाला नीट येत नाही, लोक तुमच्या पुढे जाताहेत, आणि तरीही तुम्ही ती सगळ्यांदेखत करताय, हे तो आज पहिल्यांदा पाहतोय. माझं स्पष्ट मत आहे की आईबापांनी पोरांना आयुष्यात निदान एकदा तरी हे दाखवावं. मुलं आपल्याला फक्त परीक्षकाच्या खुर्चीत बघतात. उमेदवार म्हणून ती आपल्याला कधी बघणार?

परतीचा पेडर रोड वेगळा असतो. माणसाच्या यकृतात आणि स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन साधारण तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत साथ देतं. ते संपत आलं की शरीर चरबीकडे वळतं. चरबी भरपूर असते, पण तिच्यातून ऊर्जा सावकाश सुटते. नेमका तेव्हाच हा चढ पुढ्यात येतो. ऊन चढलंय, हवा दमट. पोटऱ्यांत गोळे येताहेत. तुम्ही चालू लागता. तुमच्या बाजूला एक अनोळखी माणूस चालतोय, त्याचे ओठ पांढरे पडलेत. तो आपल्या खिशातला खडीसाखरेचा तुकडा दातांनी फोडतो आणि अर्धा तुम्हाला देतो. कोण, कुठला, काही नाही. चढ संपतो तिथे दोघं एकमेकांकडे न बघता पुन्हा पळायला लागता.

पाच तास उलटून गेल्यावर तुम्ही रेषा ओलांडता. गळ्यात पदक पडतं. घरी जिना चढायला कठड्याचा आधार लागतो. दार उघडताच मुलगी पदक हातात घेते, उलटसुलट करून बघते आणि विचारते, "कितवा नंबर आला, बाबा?"

नंबर तुम्हाला माहीत नाही. मागे बरेच होते, पुढे त्याहून कितीतरी जास्त. तिच्या तोंडून हा प्रश्न आपसूक आलाय. ह्या घरात, ह्या शहरात, पदक म्हटलं की दुसरं विचारतात काय?

उत्तर द्यायच्या आधी आणखी मागे चला. २४ जुलै १९०८, इंग्लंड. विंडसरच्या राजवाड्याच्या आवारात पंचावन्न धावपटू उभे आहेत आणि राजघराण्यातली लहान मुलं शर्यत सुटताना बघायला आली आहेत. त्या मुलांसाठीच अंतर वाढवलं, अशी गोष्ट सांगतात. खरं तर बाहेरची गर्दी टाळायची होती. पण मुलं होती. तिथून लंडनच्या स्टेडियमपर्यंत २६ मैल आणि आत शाही कक्षासमोरच्या रेषेपर्यंत ३८५ यार्ड. १९२१ मध्ये हेच अंतर नियमात बसवलं गेलं, आणि आज तुमच्या पोटऱ्यांत जे ठणकतंय ते हेच ४२.१९५ किलोमीटर. आता स्टेडियमच्या गर्दीत उभे राहा. इटलीतल्या कार्पी गावचा, मिठाईच्या दुकानात काम केलेला दोरांदो पिएत्री सर्वांत आधी आत येतो. उकाड्याने त्याचं भान गेलंय. उलट्या दिशेला वळतो, पडतो, उठतो, पुन्हा पडतो. शेवटी पंच धरून त्याला रेषेपार नेतात. मदत घेतली म्हणून तो बाद होतो आणि सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला मिळतं. निकालपत्रात पिएत्रीला कितवाही नंबर नाही. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्रा त्याला सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा चषक देते, आणि शंभर वर्षांनंतरही त्या शर्यतीची गोष्ट सांगणारा त्याच्याच नावाने सांगतो.

परतताना १९२० च्या अँटवर्पला जरा डोकावू. आपलाच माणूस आहे म्हणून. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने आणि सर दोराबजी टाटांनी खटपट करून जे मोजके खेळाडू ऑलिंपिकला पाठवले, त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले आहेत. मॅरेथॉनचं अंतर ह्या खेपेला नेहमीपेक्षाही थोडं जास्त आहे, ४२.७५ किलोमीटर. चौगुले ते दोन तास पन्नास मिनिटं आणि काही सेकंदांत पार करतात. एकोणिसावे. जगात एकोणिसावे! आपल्या पेपरातल्या पेढ्यांच्या पानावर एकोणिसाव्याला जागा सापडणं कठीण. शाळेतल्या कुठल्या धड्यात तुम्ही हे नाव वाचल्याचं आठवतंय का? मला नाही आठवत, आणि याचं मला वाईट वाटतं.

आता माहीमला या. मुलगी अजून पदक धरून उभी आहे. तुम्ही खाली बसता, कारण उभं राहवत नाही.

"नंबर नाही आला गं. पूर्ण झाली."

"म्हणजे पास?"

"पास."

तिचं समाधान होतं. मुलगा टेबलावरून मान वर करतो. काकांना किंवा सासूबाईंना जे उत्तर तुम्ही देऊ शकला नव्हता ते आता त्याच्यासमोर आहे: घामाचं मीठ सुकून पांढरा पडलेला शर्ट, हलता न येणारा बाप आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद. नंबराशिवायचा आनंद त्याने ह्या घरात याआधी फारसा बघितलेला नाही. तो एवढंच म्हणतो, "सिग्नलनंतर किती वेळ चाललात, किती पळालात?" तुम्ही खरं सांगता. पेडर रोडला चाललो, मग पळालो, मग परत चाललो. तो ऐकून घेतो आणि वर्तुळाच्या प्रमेयाकडे वळतो.

यातून त्याला गणितात चांगले मार्क पडतील असं मी म्हणत नाही. त्यासाठी गणितच करावं लागतं. जूनमध्ये निकाल लागतो तेव्हा पेपरातल्या फोटोंत तो नसतो, आणि सगळीकडून फोन येतात, "किती टक्के?" तो स्वतः फोन घेतो आणि स्वतःच आकडा सांगतो, मान खाली न घालता. मागच्या वर्षी सहामाहीच्या मार्कांना हेच फोन आले होते, तेव्हा तो गच्चीवर जाऊन बसला होता.

पावसाळा सुरू होतो. पुढची शर्यत फेब्रुवारीऐवजी जानेवारीत आहे, म्हणजे सराव आतापासूनच हवा. तुम्ही फॉर्म आणता. बायको चष्मा लावून तो वाचते, पेन मागते आणि अर्ध्या मॅरेथॉनच्या चौकोनात खूण करून स्वतःचं नाव लिहिते. तुम्ही काही बोलायच्या आत ती यादी सांगायला लागते. अगदी शांतपणे, वर्गात गृहपाठ सांगावा तशी.

"मी रविवारी साडेचारला निघणार. दूधवाला साडेपाचला येतो, पिशवी आदल्या रात्री दाराला अडकवायची. हिच्या केसांना तेल लावाल तेव्हा गुंता आधी सोडवा, नाहीतर रडते. आणि भाजी नऊच्या आत आणा, नंतर पालक चांगला मिळत नाही."