गालावरची लाली आणि आमचा वडाळा

मराठीत गाल लाल होण्याची कारणे बहुतेक कौतुकाचीच. कुणी लाजले, थंडी पडली, पोर खेळून घरी आले की गाल लाल. फार तर मास्तरांची एखादी थप्पड! पण माझे आयुष्य वडाळ्यात गेले. कौतुकाची नव्हे तर महिनोन्महिने न हटणारी लाली दिसली, की इथल्या जुन्या माणसांच्या पोटात गोळा यायचा. त्याला कारणही तसेच होते. एका अंगाला शिवडीचे क्षयाचे रुग्णालय, दुसऱ्या अंगाला अ‍ॅकवर्थ. दोन्ही आजार चेहऱ्यावर दिसतात, हे इथल्या बायाबापड्यांनाही ठाऊक होते.

क्षयाची लाली फसवी. संध्याकाळी बारीक ताप चढला की फिकट चेहऱ्यावर गाल तेवढे रंगायचे. रॉबर्ट कॉखने या रोगाचा जंतू १८८२ साली जगाला दाखवला, पण स्ट्रेप्टोमायसिन हाती यायला १९४४ उजाडले. मधली साठ वर्षे रोग ओळखता येत होता, औषध मात्र नव्हते. धास्ती बसली ती त्या काळात.

अ‍ॅकवर्थ हे नाव मराठीच्या शिक्षकाला आधी दुसऱ्याच कारणाने माहीत असते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत १८९१ साली जुने पोवाडे जमवून छापणारे ते हेच हॅरी अ‍ॅकवर्थसाहेब. ते मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. रस्त्यावर भीक मागत फिरणाऱ्या बेघर महारोग्यांसाठी त्यांच्या पुढाकाराने १८९० साली इथे आश्रम उभा राहिला. तेव्हा त्याला माटुंग्याचा आश्रम म्हणत. पुढे १८९८ चा कायदा आला आणि निराधार कुष्ठरोग्यांना धरून अशा ठिकाणी ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. तो कायदा रद्द झाला थेट २०१६ साली! म्हणजे आश्रमाच्या हेतूत दया होती आणि दूर ठेवणेही होते. लोकांच्या लक्षात राहिले ते दूर ठेवणे.

कुष्ठरोगात गालावर काय दिसते? कधी एखादा फिकट किंवा तांबूस चट्टा. कधी सगळा चेहराच तुकतुकीत, तांबूस होतो आणि कानाच्या पाळ्या जाड होतात. घरच्यांना वाटते, पोराच्या तोंडावर तेज आले.

सत्तरच्या दशकात मुंबईतल्या शाळांतून मुलांची तपासणी होत असे. डॉ. आर. गणपती यांनी या कामात मोठी वाट घालून दिली. १९७६ मध्ये त्यांनी बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्ट ही संस्था सुरू केली. मी तेव्हा नवीन शिक्षक. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या गालावर रुपयाएवढा तांबूस डाग होता. आई म्हणे, "उन्हाने होतं हो गुरुजी, गोरा आहे ना तो." तपासायला आलेल्या डॉक्टरांनी डागावर कापूस फिरवला. मुलाला स्पर्श कळला. मी सुटकेचा श्वास सोडला. तर डॉक्टर म्हणाले, "गालावर मज्जातंतू दाट असतात, तिथे स्पर्श कळला म्हणून निर्धास्त होता येत नाही." त्यांनी सदरा काढायला लावला. कोपराजवळ दुसरा चट्टा सापडला, तो बधिर होता. गोळ्या सुरू झाल्या आणि पुढे डाग गेले. पण वर्गात बातमी फुटली होती. त्याच्या बाकावर वर्षभर दुसरे कुणी बसायला तयार होईना. मी स्वतः रोज मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ बसून डबा खाऊ लागलो, तेव्हा कुठे दोघे-तिघे आले.

पुढे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुऔषधी उपचारांची शिफारस केली. पुढे उपचारांची मुदत कमी होत गेली आणि सहा किंवा बारा महिन्यांत रोगी बरा होऊ लागला. त्यातल्या क्लोफाझिमिनने कातडीच तांबूस-काळी पडते. औषध थांबले की काही महिन्यांनी रंग निवळतो, पण तोवर शेजारीपाजारी तो रंग वाचतात. २००५ च्या अखेरीस देशात हे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आले. नवे रुग्ण अजून सापडतात, पण वडाळ्यातल्या पोरांच्या लाल गालांमागे आता बहुधा निराळी कारणे असतात.

मुरुम, बारीक खरबरीत पुरळ, उन्हाची अ‍ॅलर्जी ही नेहमीची. थप्पड बसल्यासारखे गाल करणारा एक विषाणूही आहे, पण ती लाली थोड्या दिवसांत ओसरते. नाकावरून दोन्ही गालांवर फुलपाखरासारखी पसरली आणि सोबत सांधे दुखत असले, तर ल्युपसची शंका घ्यावी लागते. शिवाय ‘गुलाबी गाल’ हे वर्णन गोऱ्या कातडीचे. आपल्या सावळ्या गालावर हीच लाली तांबूस किंवा काळसर दिसते, म्हणून नजरेतून सुटते.

आणि एक कारण आपण विकत आणतो. गोरे होण्यासाठी मैत्रिणीच्या सांगण्यावरून स्टिरॉइडचे मलम आणायचे. पहिले काही दिवस चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि गाल लालच राहतात. मलम सोडले की आग होते, लाली वाढते, म्हणून पुन्हा मलम. अशा अनेक मलमांना सरकारने २०१८ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. तरी आमच्या इमारतीतली दहावीची एक मुलगी आज ओढणी गालावर ओढूनच जिना उतरते. तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या, मलम एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नका, एवढे मी तिच्या आईला सांगितले आहे.

पूर्वी लाली लपवत ती समाजाच्या भीतीने. आज ती येते रंगाच्या हौसेपायी, आणि लपवणे मात्र तसेच चालू आहे. तेव्हा मंडळी, घरातल्या मुलाचे गाल महिनाभर लाल दिसले तर नुसते कौतुक नको आणि घबराटही नको. डॉक्टरांना दाखवा. आणि तो मुलगा एकटा बसत नाही ना, तेही पाहा.