पुणे शहरातील रस्ते व वाहतूक

पुणे शहरातील रस्ते व वाहतूक : मुळा व मुठा या नद्यांच्या संगमाजवळ वसलेल्या पुणे शहराच्या रस्त्यांची घडण दोन परस्परभिन्न वस्त्यांतून झाली. पेशवेकाळात मुठेच्या उजव्या काठावर वाढलेल्या पेठांतील रस्ते पादचारी, पालख्या व बैलगाड्या यांच्या सोयीचे होते. १८१७ नंतर ब्रिटिशांनी पूर्वेस वसविलेल्या लष्कर भागातील रस्ते मात्र रुंद व सरळ आखले गेले. वाहतुकीच्या पुढील अनेक अडचणींचे मूळ या भेदात आहे.

नदी ओलांडण्याची साधने दीर्घकाळ मोजकीच होती. पानिपतच्या युद्धानंतर १७६१ मध्ये मुठेवर बांधलेला पूल लाकडाचा असल्याने लकडी पूल म्हणून ओळखला गेला. पुढे तो दगडी झाला, तरी लोकांनी नाव सोडले नाही. बंडगार्डनजवळचा फिट्झजेरल्ड पूल १८६९ मध्ये, तर लॉइड पूल (पुढे शिवाजी पूल) १९२३ मध्ये पूर्ण झाला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या. पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या आणि शहर नदीपलीकडे झपाट्याने पसरले. साहजिकच रोजच्या प्रवासाचे अंतर वाढले व त्याचा भार त्याच थोड्या पुलांवर पडला.

१९५० मध्ये महानगरपालिका स्थापन झाली व शहर बससेवा तिच्याकडे आली. तथापि सामान्य पुणेकराचे खरे वाहन सायकल हेच होते. पिंपरी-आकुर्डी परिसरातील कारखानदारीने रोजगार वाढविला. तेथेच तयार होणाऱ्या स्कूटरींनी पुढे सायकलींची जागा घेतली.

रस्तेबांधणीच्या दृष्टीने जंगली महाराज रस्त्याचे उदाहरण उल्लेखनीय आहे. १९७० नंतरच्या दशकात खासगी कंत्राटदाराने दहा वर्षांची हमी देऊन तो नव्याने बांधला आणि हमीची मुदत उलटल्यानंतरही अनेक वर्षे त्यावर फारसे खड्डे पडले नाहीत. रस्त्याचे आयुष्य वरच्या डांबरी थराइतकेच खालचा पाया व पावसाच्या पाण्याचा निचरा यांवर अवलंबून असते. शहरातील इतर रस्त्यांच्या बाबतीत हे तत्त्व क्वचितच पाळले गेले. नवा रस्ता होताच नळ वा तारा टाकण्यासाठी तो पुन्हा खणण्याची रीत चालूच राहिली.

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बसगाड्यांसाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाल्या. भारतातील या प्रकारचा हा आरंभीचा प्रयोग. पण मार्गिकांत खासगी वाहने शिरत राहिली व तो टिकला नाही. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल तर जेमतेम दीड दशकात, २०२० मध्ये, मेट्रोच्या कामासाठी पाडावे लागले. मेट्रोचा पहिला टप्पा ६ मार्च २०२२ रोजी खुला झाला. जुन्या पेठांतील रस्ते रुंद करणे अशक्यप्राय असल्याने तेथे मेट्रोमार्ग भुयारातून नेण्यात आला असून, कसबा पेठ व मंडई ही स्थानके भूमिगत आहेत.